पाठीमागे बांधलेले हात

इंग्लिश फुटबॉलमधली आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडची मॅच असली की आमच्या घरी जेवणं लवकर उरकतात. ३ सप्टेंबर २०२३ चा तो रविवार, मॅच रात्री नऊची. पुतण्या इथं सांगलीत विश्रामबागला आमच्याकडंच राहून इंजिनिअरिंग करतो. त्याचे दोन मित्र आले होते, मधे भडंगाची परात, वर बारीक चिरलेला कांदा. मॅच सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता आणि गोलासमोरच्या बॉक्समध्ये चेंडू काई हॅवर्ट्झकडं आला, आमच्या आर्सेनलनं नवाच विकत घेतलेला. डोळे मिटून मारावा असा चेंडू. त्यानं पाय फिरवला आणि तो नुसता हवेतच फिरला. चेंडूला स्पर्शसुद्धा झाला नाही. स्टेडियममधून एक आवाज आला, साठ हजार माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखा. इकडं आमच्या हॉलमध्ये हशा पिकला. पुतण्यानं परातीतला हात झटकला, फोन उचलला, रिप्ले लागल्या लागल्या टीव्हीवरूनच त्याचा व्हिडिओ काढला आणि ‘साडेसहा कोटी पौंड पाण्यात’ असं लिहून स्टेटसला टाकून दिला. सगळं अर्ध्या मिनिटात. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “काका, लीगमधली चौथी मॅच हाय ह्याची. एक गोल नाही. ह्याला आत्ताच विकलेला बरा.”

पुढं मॅच रंगली. हॅवर्ट्झला पाडलं म्हणून मिळालेली पेनल्टी व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, काढून घेतली, शेवटी जादा वेळेत डेक्लन राईसनं आणि मागोमाग गॅब्रियल जेझूसनं गोल मारून ती ३-१ अशी आपल्या बाजूला खेचली. पोरांनी हॉलमध्ये उड्या मारल्या, खालचे शेजारी दुसऱ्या दिवशी काहीतरी बोललेही. सगळे आनंदात झोपले. मला मात्र झोप येईना. आपण जिंकलो होतो, तरी कानात तो श्वास सोडल्याचा आवाज होता. आणि त्याहून जास्त, आमच्या घरातला हशा.

चौथी मॅच.

आर्सेनल मी पहिल्यांदा पाहिलं ते आठवी-नववीत, केबलवर. गल्लीत ज्यांच्याकडं रंगीत टीव्ही मोठा त्यांच्याकडं आम्ही दारात चपला काढून बसायचो. तिएरी आँरी तेव्हा नवीन आलेला. १९९८ चा वर्ल्डकप जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला, म्हणजे नाव होतं. पण इटलीतल्या युव्हेंटस क्लबनं त्याला कडेला खेळवलं आणि तिथं लीगमध्ये त्याचे जेमतेम तीन गोल झाले. ऑगस्ट १९९९ मध्ये आर्सेनलचा मॅनेजर आर्सेन वेंगरनं त्याला आणला आणि कडेवरून उचलून मधे स्ट्रायकर म्हणून उभा केला. आता आँरी म्हटलं की जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते पुढचं आहे. २२८ गोल, स्टेडियमबाहेर पुतळा. मला आठवतो तो त्याआधीचा आँरी. पळायला वाऱ्यासारखा, आणि गोलासमोर आला की चेंडू पार बाहेर. एकामागून एक आठ सामने गेले. त्या काळी आम्हाला सगळ्या मॅच दिसायच्या नाहीत. आठवड्याच्या शेवटी हायलाइट्स, आणि पेपरात क्रीडा पानाच्या तळाशी आलेल्या दोन ओळी. त्यामुळं असेल, आमचं मत बनायलाही वेळ लागायचा. एखादा खेळाडू वाईट आहे हे ठरवायला पुरेसा पुरावाच आमच्या हाती येत नसे. १८ सप्टेंबर १९९९ ला साउदम्प्टनविरुद्ध तो बदली म्हणून उतरला, गोलाकडं पाठ करून चेंडू घेतला, वळला आणि लांबून असा वळवून मारला की गोलकीपर बघतच राहिला. १-०. त्या सीझनअखेर त्याचे सगळे मिळून २६ गोल झाले.

पुढं मोठा झाल्यावर वाचण्यात आलं की त्याच्या चार वर्षं आधी, १९९५ मध्ये डेनिस बर्गकॅम्पचंही असंच झालं होतं. इंटर मिलानहून ७५ लाख पौंडांना आणलेला, क्लबची तोवरची सगळ्यात महाग खरेदी. पहिल्या सात सामन्यांत गोल नाही. तिथल्या पेपरवाल्यांनी सोलून काढला. मग २३ सप्टेंबरला, हायबरीवर, म्हणजे आर्सेनलच्या जुन्या मैदानावर, पुन्हा साउदम्प्टनच समोर आणि दोन गोल. हे योगायोग मला फार आवडतात. महिना सप्टेंबरच, समोरचा संघही तोच. जणू त्या बंदराच्या गावानं आमच्या दोघा माणसांची कोंडी फोडून दिली. अकरा वर्षं बर्गकॅम्प तिथं राहिला.

पण ह्या गोष्टी पुतण्याला सांगून उपयोग नव्हता. त्याला त्या पाठ आहेत, माझ्याहून नीट. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी विषय काढला तर तो शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही आँरी सांगता. मग पेपे पण सांगा की.” बरोबर होतं त्याचं. निकोला पेपे. २०१९ ला ७ कोटी २० लाख पौंड मोजून आणलेला, क्लबचा तेव्हाचा विक्रम. चार वर्षं आम्ही वाट बघितली. अधूनमधून फ्री किक अशी मारायचा की वाटायचं आता उघडला हा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ११२ सामने, २७ गोल. आणि तो त्याच सप्टेंबरात, हॅवर्ट्झला शिव्या पडत होत्या तेव्हाच, करार मोडून घेऊन तुर्कस्तानात निघून गेला. कुणाला विकलासुद्धा नाही, नुसता सोडला. म्हणजे धीर धरला की फळ मिळतंच, हे मी त्या पोराला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? मी गप्प चहा प्यालो. मात्र मनात आलं, पेपेसाठी चार वर्षं धरलेला धीर मला अजून फुकट गेल्यासारखा वाटत नाही. का वाटत नाही, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

बँकेच्या कॅश काउंटरला बसल्यावर मला ते थोडं कळलं होतं. मधे विसरलो होतो.

२००८ साली मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच महिन्यात मला कॅशला बसवलं. शाखा गणपती पेठेपासून जवळ. हळदीचे व्यापारी, अडते, त्यांचे दिवाणजी. त्या नोटांना हळदीचा वास असायचा, आणि सीझनमध्ये तर संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची टोकं पिवळी पडायची, आई म्हणायची लग्न जमलं काय रे. मोजायचं मशीन होतं, पण मळक्या, ओलसर नोटा त्यात अडकायच्या, मग हातानं मोजायच्या. माझ्या आधीचा कॅशियर वीस वर्षांचा मुरलेला, त्याचा अंगठा चालताना दिसायचासुद्धा नाही. आणि आता त्या खिडकीत मी. बंडल सोडलं, पंधरा-वीस नोटा झाल्या की रांगेतून कुणीतरी तोंडानं ‘च्च’ करायचं. एवढंच. शिवी नाही, तक्रार नाही. नुसतं ‘च्च’. तो आवाज कानात शिरला की थेट बोटांत उतरायचा. मी आकडा विसरायचो, पुन्हा पहिल्यापासून. मग रांगेत चुळबुळ, पाय बदलण्याचे आवाज, छत्रीचं टोक फरशीवर टकटक. जितके ते घाईला येत तितका मी सावकाश होई. एकदा पाचशेच्या बंडलात दोन नोटा जास्त देऊन बसलो आणि संध्याकाळी खिशातून भरल्या. हजार रुपये तेव्हा मला फार होते.

त्या रांगेत एक वयस्कर दिवाणजी यायचे. धोतर, काळी टोपी, काखेत पेपराची घडी. ते रक्कम खिडकीतून आत सरकवायचे आणि लगेच बाजूला होऊन पेपर उघडून वाचत उभे राहायचे. मान वर करायचे नाहीत. माझं मोजून होईपर्यंत ते खरोखर पेपर वाचत असत की नाही कुणास ठाऊक, पण माझ्या हातांकडं त्यांनी कधी बघितलं नाही. त्यांच्या बंडलात मी एकदाही चुकलो नाही. चार-सहा महिन्यांनी माझा हात बसला, मग कुणीही ‘च्च’ करेना. ते दिवाणजी मात्र तेव्हाही तसेच बाजूला होऊन पेपर वाचत. मी पटपट मोजायला लागलोय हे त्यांच्या लक्षात तरी आलं होतं का, असं मला वाटायचं.

मैदानावर हेच उघड्यावर होतं. कोल्हापूर इथून पन्नास किलोमीटरही नाही, आणि फुटबॉलचं वेड म्हणजे काय ते बघायचं असेल तर शाहू स्टेडियमवर जाऊन बसावं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस असे संघ; पेठापेठांतून आलेली माणसं, हलग्या, आणि तालमीचा मान म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाचा मान. बऱ्याच वर्षांपूर्वी मित्राबरोबर एक मॅच बघायला गेलो होतो. एका संघानं आफ्रिकेतला एक खेळाडू त्या सीझनसाठी आणलेला. दुपारचं ऊन, मैदान टणक, आणि तो बिचारा घामानं निथळत होता. चेंडू त्याच्याकडं आला की त्याचे साथीदार मराठीत ओरडत, तो भलतीकडंच पळे. अर्ध्या तासात त्याच्याच बाजूची माणसं त्याला हुर्यो करायला लागली. एकदा त्याच्याकडून चेंडू सुटला आणि तो गॅलरीकडं वळून बघत राहिला. शब्द त्याला कळत नव्हते. अर्थ कळत होता. माझ्या शेजारी एक पैलवानी बांध्याचे आजोबा होते, पागोटं सावरत ते मागं वळून पोरांवर ओरडले, “आरं, पाय तर रुजू द्या की त्याचं!”

रुजू द्या. तो शब्द घेऊन मी रात्रीचा सांगलीला परत आलो होतो.

शब्द ओळखीचा होता म्हणून लागला. आमची द्राक्षाची बाग तासगाव तालुक्यात. १९९७ साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी बाग काढून पहिल्यांदा डॉगरीज जातीच्या खुंटावर नवी बाग धरली. तोवर आमच्याकडं काडी थेट जमिनीत लावायची पद्धत. पाणी कमी आणि त्यात क्षार वाढत चाललेले, म्हणून हा नवा उपाय. कर्ज काढलं होतं, हे मला नंतर कळलं. उन्हाळ्याच्या तोंडाला खुंट लावले, पावसाळ्यात ते वाढले आणि गणपतीच्या सुमाराला कलम भरणारी टोळी आली. मी सातवीत. शाळा सुटली की दप्तर टाकून पळत रानात. ती माणसं ओळीत उकिडवी बसून काम करायची. खुंट शिसपेन्सिलीएवढा जाड झालेला, तो जमिनीपासून वितभर वर कापायचा, मधोमध धारदार चाकूनं चीर द्यायची. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेल्या काड्यांतली दोन डोळ्यांची एक काडी घ्यायची, तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, आणि ती त्या चिरेत अशी बसवायची की साल सालीला भिडली पाहिजे. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. बास. एका खुंटाला दोन-तीन मिनिटं. मग पंधरा-वीस दिवस काही दिसत नाही. काडी मेल्यासारखी उभी. खालच्या खुंटाला मात्र जोमानं फुटवे येत असतात, ते रोज खुडायचे, नाहीतर सगळी ताकद तेच खातात.

मला राहवलं नाही. शेवटच्या ओळीतल्या एका कलमाची पट्टी मी सोडली. जोडलंय का नाही, एवढंच बघायचं होतं. चिरेच्या कडेला पांढरट, साबुदाण्यासारखं काहीतरी धरलेलं दिसलं. काडी अंगठ्यानं जराशी हलवली. ती सुटली. आत ओलं, हिरवं, कोवळं होतं; दोन-चार दिवसांत धरलं असतं. मी पट्टी होती तशी गुंडाळली आणि घरी आलो, कुणाला सांगितलं नाही. आठवड्यानं ओळीतल्या सगळ्या काड्यांचे डोळे कापसासारखे फुगले, त्यातून गुलाबी टोकं बाहेर आली. माझी काडी काळी पडली. आबांनी पट्टीची गाठ बघितली आणि त्यांना कळलं, कारण टोळीतली माणसं उजव्या हातानं गुंडाळायची आणि मी डावखुरा. मला आठवतं ते असं की आबा काही बोलले नाहीत. नेहमीसारखे हात पाठीमागे बांधून ओळीतून पुढं गेले. हात पाठीमागे बांधून चालणं ही त्यांची ढब. लहानपणी मला वाटायचं, बाग आपली असली की माणूस असा रुबाबात चालतो.

मग ३० सप्टेंबर उजाडला. अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झालेले, रस्त्याकडेला गुलाल अजून होता, घर रिकामं रिकामं वाटत होतं. मॅच बोर्नमथला, आपल्याकडं संध्याकाळी साडेसात. पुतण्या आणि मी दोघंच. हॅवर्ट्झचा गोल अजून नव्हताच, आणि आता तर गोलासमोर आला की त्याचा पाय निघायच्या आधी मनच अडखळतंय हे इथं बसून दिसायचं. दोन गोल झाले होते, त्यातला एक ओडेगार्डचा, पेनल्टीवर. उत्तरार्धात दुसरी पेनल्टी मिळाली. पेनल्टी मारायला आपल्याकडं माणसांची कमी नव्हती, पण ओडेगार्ड कॅप्टन असून त्यानं चेंडू हॅवर्ट्झच्या हातात दिला. पुतण्या टेकला होता तो सरळ बसला. हॅवर्ट्झनं मारली. गोल. आणि मग सगळा संघ त्याच्यावर जाऊन पडला, वर्ल्डकप जिंकल्यासारखा. बाहेरगावी आलेले आपले प्रेक्षक त्याचं नाव घेत होते. मी नकाशात आधी कधीतरी बघून ठेवलंय, बोर्नमथ साउदम्प्टनच्या जवळच आहे, त्याच किनाऱ्याला. आणि महिना सप्टेंबर.

“भीक घातली त्याला,” पुतण्या म्हणाला. पण आवाजात धार नव्हती.

मला त्याचं म्हणणं पुरतं खोडता आलं नाही. अशी दिलेली पेनल्टी बघताना आनंद होतो आणि त्याच वेळी कुठंतरी लाजल्यासारखंही होतं, जणू कुणाच्या घरातलं खासगी दृश्य आपल्याला दिसलं. साडेसहा कोटींच्या, चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये गोल मारलेल्या माणसाला हे असं हातात आणून द्यावं लागावं? पण दिलं त्यांनी, ४-० च्या मॅचमध्ये, उघड उघड, सगळ्यांसमोर. त्या सीझनला त्याचे लीगमध्ये १३ गोल झाले, आणि पैसे पाण्यात गेले म्हणून जी टिंगल व्हायची तिचंच गाणं करून प्रेक्षक प्रेमानं म्हणायला लागले, हे सगळं नंतरचं. त्या रात्री ह्यातलं कुणालाच माहीत नव्हतं. पुतण्यानं त्या रात्री फोन हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि पालथा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार, आम्ही दोघं रानात गेलो. मोठ्या बागेत ऑक्टोबर छाटणी सुरू झालेली, छाटलेल्या काड्यांचा कच्चा, तुरट वास सगळीकडं, बायका मागून पेस्ट लावत चाललेल्या. पलीकडच्या अर्ध्या एकरात आबांनी आणि भावानं त्याच पावसाळ्यात नवी बाग धरली होती, ऑगस्टच्या शेवटी कलमं भरलेली. बरीचशी फुटली होती. मधेच एखादी काडी अजून नुसतीच उभी. पुतण्या अशा एका काडीपाशी वाकला आणि त्याचा हात पुढं गेला. मी ओरडणार तोच आबा मागून म्हणाले, “अंहं.” तो थांबला. मग मी त्याला माझी सत्याण्णव सालची गोष्ट सांगितली, डावखुऱ्या गाठीसकट, आणि म्हणालो, आबांचा धीर बघ, मला एका शब्दानं बोलले नव्हते.

आबा हसले. “बोललो न्हवतो? दोन दिवस तुझ्याशी बोललो न्हवतो, त्ये आठवतंय व्हय तुला? आनी कुटला आलाय धीर. बँकेचं कर्ज डोक्यावर, पोटात गोळा यायचा. रोज पहाटं मीच रानात यायचो. वाटायचं एक तरी सोडून बघावं, धरलंय का नाही.”

“मग?” पुतण्यानं विचारलं.

“मग काय. हात जायाचाच की म्होरं.” आबांनी दोन्ही हात मागं नेले, डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलं, आणि आम्हाला दिसावं म्हणून जरा वळून उभे राहिले. “असा धरून ठेवायचो.”

मग तसेच, मनगट न सोडता, ते ओळीतून पुढं चालायला लागले.